गुलाब घ्यायचाय? मग रोप सगळ्यात शेवटी घ्या

नाशिकला नव्याने आलेल्या माणसाची पहिली गुलाबखरेदी बहुधा रविवारी संध्याकाळी होते. सोमेश्वरचा धबधबा बघून परतताना गंगापूर रोडला नर्सरी दिसते, बाहेर मांडलेली लाल-पिवळी फुलं दिसतात आणि गाडी आपोआप बाजूला लागते. दहा मिनिटांत पाच रोपं डिकीत. सोबत तिथल्याच पाच प्लास्टिकच्या कुंड्या, ‘तयार माती’ची एक गोणी आणि पुडीत बांधून दिलेलं कसलंसं पांढरं खत.

मीही हेच केलं होतं. तेही ऐन मे महिन्यात. नारळी पौर्णिमेपर्यंत पाचातलं एकच रोप उरलं, पण ते इतक्या जोमाने वाढत होतं की मी शेजारणीला बोलावून दाखवायचे. पुढच्या वर्षी त्याला फुलं आली. बारीक, पांढुरकी, पाच पाकळ्यांची. कलम केव्हाच मेलं होतं. मी वर्षभर खालच्या रानटी खुंटाला शेणखत घालत बसले होते.

चूक नर्सरीवाल्याची थोडी आणि माझी जास्त. त्यानंतर एक गोष्ट पक्की कळली: गुलाबाची खरेदी उलटीकडून करायची. आधी जागा ठरवायची, मग कुंडी, मग माती, मग खतं-औषधं-कात्री, आणि हे सगळं घरात येऊन आठ-पंधरा दिवस झाले की रोप. दुसरी गोष्ट खास नाशिकची. इथे गुलाबाला लागणारं जवळपास सगळं सामान द्राक्षवाल्यांच्या दुकानात मिळतं. चांगलं मिळतं, ताजं मिळतं आणि शोभेच्या दुकानांपेक्षा स्वस्त मिळतं. या शहराला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगेल. पण आजच्या गुलाबाची खरी सोय त्या नावाने केलेली नाही, द्राक्षाने केली आहे.

पहिली पायरी: ऊन मोजा

गुलाबाला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. ‘आमच्याकडे भरपूर उजेड असतो’ हे त्याला चालत नाही. सुट्टीच्या दिवशी खडू घ्या आणि सकाळी आठपासून दर दोन तासांनी गच्चीवर किंवा गॅलरीत सावलीची कड आखा. संध्याकाळी कुंडीची जागा आपोआप समोर दिसते. पूर्वेचं ऊन सगळ्यात चांगलं. पश्चिमेची गॅलरी असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर हिरवी नेट लावावी लागेल. उत्तरेची असेल तर गुलाबाचा नाद सोडा, हा लेखही इथेच सोडलात तरी हरकत नाही.

सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर आधी विचारून घ्या. बारा इंची भरलेली कुंडी पाणी घातल्यावर वीसेक किलोंची होते, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली की पहिला संशय तुमच्या गुलाबावर येतो.

दुसरी पायरी: कुंडी

मोठ्या फुलाच्या गुलाबाला बारा इंचांपेक्षा लहान कुंडी नको. गुच्छाने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाला दहा इंच चालते, बटन गुलाबाला आठ. नर्सरीत रोपासोबत जी देखणी सहा इंची कुंडी देतात ती तुळशीला वापरा.

मातीच्या कुंडीसाठी जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात जा. मात्र दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा सगळे हात पणत्यांवर असतात. संक्रांतीच्या आधी सुगडांवर. मधल्या काळात गेलात तर निवडायला वेळ मिळतो. कुंडी उचलून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट झाली आहे. भद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे किंवा कच्ची आहे. तळाला बहुतेकदा एकच भोक असतं. ‘दादा, अजून दोन भोकं पाडून द्या’ असं तिथेच सांगा. घरी खिळा-हातोडी घेऊन बसलं की चार कुंड्यांमागे एक फुटते, हा माझा हिशोब.

मातीची कुंडी मुळांना थंड ठेवते पण उन्हाळ्यात दोनदा पाणी मागते. नोकरीमुळे ते जमणार नसेल तर जाड ग्रो-बॅग घ्या. तिसरा पर्याय मला सगळ्यात आवडतो: टोमॅटोचे जुने क्रेट. आपल्या जिल्ह्यात टोमॅटो आणि द्राक्षं इतकी निघतात की कड तुटलेले क्रेट भंगारात सहज मिळतात. आतून नेटचे दोन पदर लावले की एका क्रेटमध्ये दोन फ्लोरिबंडा मजेत राहतात. दिसायला बरं नाही दिसत, हे मान्य.

तिसरी पायरी: माती

इथे घाई करू नका. नाशिकला बाहेरून आलेला माणूस काळी माती बघून हरखतो. ‘एवढी कसदार माती, मग विकत कशाला घ्यायची?’ असं म्हणून प्लॉटवरची घमेलंभर उचलून आणतो. शेतात काळी माती सोनं आहे. कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की कडेने फट पाडून आक्रसते. मग वरून घातलेलं पाणी फटीतून थेट बशीत जातं, मधला मुळांचा गड्डा कोरडाच. तुम्हाला वाटतं पाणी घातलं. गुलाबाला वाटतं दुष्काळ पडला.

कुंडीसाठी लाल किंवा पोयट्याची भुसभुशीत माती हवी. नर्सऱ्यांत ती गोणीने मिळते. गोणी उघडून मूठभर ओली करून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर घ्या. लाडवासारखा घट्ट राहिला तर ती चिकणमाती आहे.

माझं मिश्रण असं: चार भाग लाल माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग भाताचं तूस किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडी वाळू. वर प्रत्येक कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. प्रमाण इकडचं तिकडे झालं तर आकाश कोसळत नाही. पाणी खालून मिनिटाभरात बाहेर आलं पाहिजे, एवढी एकच परीक्षा.

तुसाबद्दल थोडं सांगते, कारण ही सोय पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना माहीत नसते. इगतपुरी तालुका भाताचा, आणि घोटी हे तिथलं राईस मिलांचं गाव. मुंबईहून येता-जाता घोटीला थांबून तुसाची गोणी आणली की वर्षाची बेगमी होते. माती मोकळी ठेवायला कोकोपीटइतकंच उपयोगी. फक्त शक्य तर अर्धवट जाळून काळं केलेलं वापरा. मी पहिल्यांदा कच्चं घातलं आणि जुलैत माझ्या तीन कुंड्यांत गुलाबाच्या पायाशी भात उगवला. सासूबाईंनी तो उपटू दिला नाही.

कोकोपीटची पाच किलोची वीट घेणार असाल तर ती भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुवा. नारळाच्या शेंड्यात क्षार असतात, ते गुलाबाच्या पानांच्या कडा जाळतात. एक वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे बादली नव्हे, पाण्याचं पिंप काढून ठेवा.

शेणखतासाठी शहराच्या कडेला गोठे आहेत. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, जिकडे राहता तिकडे चौकशी करा. खत घेताना नाक वापरा. शेणाचा किंवा अमोनियाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. हात खुपसल्यावर आत गरम लागलं तरी कच्चंच. पूर्ण कुजलेलं खत थंड, काळसर, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं असतं. घरी आणल्यावर फरशीवर कागद पसरून चाळून घ्या. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी सापडली तर ती हुमणी. एक हुमणी कुंडीत राहिली तर आतून मुळं खाते आणि वरून रोप पाण्यावाचून सुकल्यासारखं दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो.

चौथी पायरी: कृषी सेवा केंद्र

दिंडोरी रोडला बाजार समितीच्या आसपास आणि पेठ रोडला कृषी सेवा केंद्रांची रांग आहे. ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडे राहणाऱ्यांना तर शहरात यायचीही गरज नाही. नवख्या माणसाला या दुकानांत शिरायला संकोच वाटतो. समोर शेतकरी पन्नास किलोंची पोती उचलत असतात आणि आपण चार कुंड्यांचं सांगायचं! मलाही वाटायचं. ओझरला द्राक्षं करणारा माझा मावसभाऊ पहिल्यांदा सोबत आला होता. तो म्हणाला, “अगं, तुझी कुंडी म्हणजे माझ्या बागेतलं एक झाड. भुरी तिलाही येते आणि याला पण येते. लाजतेस कशाला?”

त्याचं खरं आहे. गुलाब आणि द्राक्ष ही दोन वेगळी झाडं, त्यांच्या भुरीच्या, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या रोगाच्या, बुरशीही वेगळ्या जातीच्या, पण रोगाची चाल आणि त्यावरचं औषध पुष्कळ सारखं. दोघांचीही पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी होते. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस ही दुकानं म्हणजे गुलाबवाल्यांचाही बाजारच. गर्दी टाळायची असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये जा. तेव्हा दुकानदाराला बोलायला सवड असते. काय घ्यायचं ते सांगते.

कात्री. हिच्यावर पैसे खर्च करा, बाकी कशावर नाही केलेत तरी चालेल. दोन पाती एकमेकांवरून सरकणारी, बाकदार पात्याची हवी. सपाट ऐरणीवर पातं आपटणारी नको, ती ओली फांदी चेचते. मावसभाऊ कात्री घेताना खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढतो आणि पात्याच्या अगदी टोकाने कापून बघतो. मधोमध कुठलीही कात्री कापते. टोकाशी कागद दुमडला तर तो ती परत ठेवतो. मग हातात घेऊन दहा वेळा उघड-मीट करतो. दिवसभर बाग छाटणाऱ्याचा तळवा जे सांगतो ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

पाण्यात विरघळणारी खतं. १९:१९:१९ वाढीसाठी, ०:५२:३४ कळीच्या आधी. हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण. द्राक्षवाले पंचवीस किलोंच्या बॅगा नेतात, पण एक किलोचं पाकीटही मिळतं आणि चार कुंड्यांना ते संपता संपत नाही. लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती ओली असताना. जास्त घातलं म्हणजे जास्त फुलं येतात हा गैरसमज प्रत्येकाला एकदा होतो. पाकीट उघडल्यावर हवा लागून दगड होतं, म्हणून बरणीत ओता आणि बरणीवर नाव लिहा. ते मिठासारखं दिसतं. घरात लहान मूल असेल तर कुलपात.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. गुलाबाची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं की लोहाची कमतरता. बोअरच्या क्षारवट पाण्यावर आणि चुनखडीच्या मातीवर हे हमखास होतं. अर्धा चमचा हिराकस लिटरभर पाण्यात, कुंडीत. फरशीवर सांडलं तर तांबूस डाग पडतो आणि तो जात नाही. माझ्या गॅलरीत अजून आहे.

मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. छाटणीनंतर फांदीच्या कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. तो काळा भाग बुडापर्यंत आला की फांदी गेली. त्यासाठी द्राक्षवाल्यांची जुनी बोर्डोपेस्ट: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये भिजवायचं आणि मग एकत्र ओतायचं. लोखंडाचं भांडं नको. झालेल्या निळ्या लगद्यात सुरीचं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, अजून थोडा चुना घाला. मग जुन्या टूथब्रशने प्रत्येक कापावर लावा. चार कुंड्यांना याच्या दहाव्या हिश्श्यात काम होतं, म्हणून शेजाऱ्यांनाही बोलवा. ही पेस्ट त्याच दिवशी वापरायची, ठेवून चालत नाही.

भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री गार आणि दुपारी कोरड्या ऊबदार असतात, भुरीला हेच आवडतं. लिटरला दोन ग्रॅम, सकाळी. पारा पस्तीसच्या पुढे गेला की गंधक मारू नका, पानं करपतात. नीमतेल फवारलेलं असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात. कळी उमलते ती जळल्यासारखी. त्यासाठी निळे चिकट सापळे, मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे. सोबत नीमतेल. एवढ्यावर घरगुती गुलाब निभावतात. दुकानदार सवयीने एखादं जहाल औषध काढून देईल, कारण त्याचं रोजचं गिऱ्हाईक एकरातलं असतं. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. जिथे मुलं खेळतात, कपडे वाळतात, तिथे लाल-पिवळ्याला हातही लावू नका. सुटं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून कोणी देत असेल तर घेऊ नका. ते कायद्यानेही विकता येत नाही. सीलबंद घ्या, मुदत बघा, बिल घ्या. बिलावर बॅच नंबर असतो, तो असू द्या.

याच दुकानांत शेडनेट मीटरवर मिळते. आठ दिवस गावाला जाणाऱ्यांसाठी ठिबकची नळी आणि ड्रिपरही. पाण्याच्या टाकीला जोडून चार कुंड्यांचं ठिबक बसवायला एक दुपार पुरते.

खुरपं, विळा, टोपली, सुतळी यासाठी बुधवारी गंगेवर जा. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गोदाघाट कुठे’ विचारलंत की माणूस तुमच्याकडे पाहुणा म्हणून बघतो. बुधवारच्या बाजारात मिळणारं लोहाराचं खुरपं मॉलमधल्या रंगीत प्लास्टिकच्या मुठीच्या खुरप्याला दहा वर्षं पुरून उरतं. पावसाळ्यात मात्र निघण्याआधी नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची खबर घ्या. पाणी त्याच्या कमरेला लागलं असेल तर बाजार कुठला!

नोव्हेंबरच्या सुमारास कृषिथॉन हे शेतीचं प्रदर्शन शहरात भरतं. सगळं एका छताखाली बघायला बरं, हाताळायला बरं. पण तिथून मी परतताना नेहमी नको ते काहीतरी घेऊन आले आहे. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप, उदाहरणार्थ. चार कुंड्यांना.

पाचवी पायरी: आता रोप

वेळ: ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. पावसाळ्यात रोपं स्वस्त असतात पण पानांवर काळे ठिपके घेऊन येतात. मार्च उलटला की सरळ पुढच्या हिवाळ्याची वाट बघा.

जागा: गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, मुंबई-आग्रा महामार्ग, या तिन्हींवर नर्सऱ्या आहेत. त्र्यंबक रोडला सातपूरच्या बाजूला तर ‘पपया नर्सरी’ हे चौकाचंच नाव होऊन बसलं आहे, रिक्षावाल्याला दुसरा पत्ता सांगावा लागत नाही. एकाच नर्सरीत सगळं घेऊ नका. आणि रविवारी जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी सकाळी गेलात तर माळीदादा स्वतः आत घेऊन जातात आणि मागच्या रांगेतली रोपं दाखवतात. पुढची रांग गिऱ्हाइकासाठी असते, मागची झाडासाठी.

पहिला प्रश्न असा विचारा: “दादा, माल कधी आला?” बरीच रोपं उरुळी कांचनकडून किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. कालच उतरलेलं रोप प्रवासाने थकलेलं असतं, दोन-तीन दिवसांत पानं टाकतं. पंधरा-वीस दिवस नाशिकच्या हवेत राहून ज्याने नवी पालवी काढली आहे ते घ्या.

मग खाली वाका. फूल नका बघू, बूड बघा. मातीच्या थोडं वर खोडाला एक गाठ दिसेल. तिथे रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो. ती गाठ जाड, कोरडी आणि घट्ट हवी. तिच्यावरून निदान दोन, शक्यतो तीन पेन्सिलीइतक्या जाड फांद्या निघालेल्या हव्यात. गाठीच्या खालून निघालेला फुटवा म्हणजे रानटी. त्याला बहुधा सात-सात पानांचा पाला असतो, पण पानं मोजत बसू नका. कुठून निघाला तेवढं बघा. घरी असा फुटवा आला तर कात्रीने कापायचा नाही, मुळाशी धरून खाली ओढून सोलून काढायचा. कापला तर दोन येतात. माझ्या पहिल्या गुलाबाचं सगळं रहस्य या बोटभर जागेत होतं आणि मी वर्षभर वरच बघत होते.

पानं उलटी करून बघा: बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके म्हणजे लाल कोळी. फांदीवर काळी रेघ उतरत असेल तर नको. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम, तपकिरी दोऱ्यांसारखी गुंडाळी असेल तर रोप जास्त दिवस अडकलेलं आहे.

जातीबद्दल. ‘डच गुलाब’, ‘काश्मिरी गुलाब’ ही नर्सरीतली लाडकी नावं जातीची नव्हेत. रोपावर लटकवलेल्या रंगीत फोटोवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. रंगाची खात्री हवी असेल तर एखादं फूल किंवा रंग दिसणारी कळी असलेलंच घ्या. नावाने मागायचं असेल तर नवख्यांसाठी माझी यादी लहान आहे. आइसबर्ग, पांढरा, गुच्छाने येणारा, रुसत नाही. डबल डिलाइट, पांढऱ्यावर लाल कडा आणि वास असा की गॅलरीचं दार उघडं ठेवावं. पापा मेयां, गर्द लाल, मखमली, पण भुरीचा लाडका. दुसऱ्या वर्षी घ्या. ग्लॅडिएटर, जुना, दणकट, फुलवाल्यांच्या ओळखीचा. आणि गावठी गुलाबी, गुलकंदाचा. याला देखणेपण कमी, पण घरात देवपूजा असेल तर हाच पहिला. पंजाबी ड्रेसच्या रंगाला जुळणारा निळा गुलाब कोणी विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा. निळा गुलाब कुंडीत येत नाही, शाईत येतो.

नावं-रंग डोळ्यांनी बघून ठरवायचे असतील तर महापालिकेचा पुष्पोत्सव गाठा, शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात भरतो तेव्हा. गुलाबांच्या टेबलापाशी वही घेऊन उभं राहा. तिथे नावं लिहिलेली असतात आणि ज्यांनी वाढवले ते लोक शेजारीच उभे असतात, बोलायला उत्सुक.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

पहिले चार-पाच दिवस पिशवीतच, सकाळचं ऊन लागेल अशा जागी. मग एखाद्या संध्याकाळी लावा.

पिशवी ब्लेडने उभी चिरा. आत काय आहे ते नीट बघा, कारण बाहेरून आलेल्या बऱ्याच रोपांत इथेच गंमत असते. वर बोटभर भुसभुशीत खत, आणि त्याखाली मुठीएवढा लालभडक चिकणमातीचा गोळा, विटेसारखा घट्ट, कधी सुतळीने आवळलेला. वाहतुकीत मुळं वाळू नयेत म्हणून केलेली ती सोय असते. तुम्ही गोळ्यासकट कुंडीत लावलंत तर भोवतीच्या मोकळ्या मातीतलं पाणी त्या गोळ्यात शिरतच नाही. रोप महिनाभर जुन्या ओलीवर हिरवं राहतं आणि मग एकदम मान टाकतं.

म्हणून अर्धी बादली साधं पाणी घ्या आणि गोळा त्यात सोडून द्या. चहा करून प्या. अर्ध्या तासाने पाण्यात हात घालून, न ओढता, बोटांच्या टोकांनी माती हळूहळू सुटी करा. पाणी गेरूसारखं होतं. मुळं मोकळी दिसायला लागली की थांबा. शेवटचा कणही काढायच्या हट्टाने बारीक मुळं तुटतात. काळी, लिबलिबीत मुळं कात्रीने छाटा. मग कुंडीत लावताना ती कलमाची गाठ मातीच्या वर एक-दोन इंच राहील असं बघा. आमच्या हवेत गाठ पुरायची नसते. भरपूर पाणी घाला, आठ दिवस अर्धसावलीत ठेवा, फुलं-कळ्या असतील तर खुडा. मला माहीत आहे, खुडवत नाही. तरी खुडा.

महिनाभर खत नको. दोन बोटं मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी.

आणि नुसती फुलंच हवी असतील तर

निमाणी बसस्थानकाला सिटीलिंकच्या शहर बसमधून उतरा आणि चालत गणेशवाडीच्या फुलबाजारात जा. सकाळी लवकर, उजाडता उजाडता. दांडीचे मोठे गुलाब मोहाडी-जानोरीच्या पॉलिहाउसमधून येतात, कागदात गुंडाळलेल्या वीस फुलांच्या जुडीने विकले जातात. गावठी गुलाब पाट्यांतून, वजनावर. दसरा-दिवाळी, लग्नाच्या तिथी आणि फेब्रुवारीचा दुसरा आठवडा या दिवसांत भाव विचारून मगच जुडीला हात लावा.

जुडी घेताना पाकळ्या नव्हे, फुलाचं बूड चिमटीत हलकं दाबून बघा. घट्ट लागलं तर चार-पाच दिवस टिकेल, मऊ लागलं तर आज संध्याकाळच्या हारापुरतं. घरी आल्यावर दांडीचं टोक पाण्यात बुडवून तिरपं कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी रोज बदला.

त्या दांड्या सुकल्यावर बटाट्यात खोचून कुंडीत लावायचे व्हिडिओ तुमच्याकडेही आले असतील. मी तीन वेळा करून बघितलं. दोनदा काहीच आलं नाही आणि तिसऱ्यांदा बटाटा आला.